इंटर्नला 'कच्चं लिंबू' म्हटलं आणि ती म्हणाली, "सर, मी आंबट आहे का?"

भोज्ज्या:

आधीच सांगतो, प्रश्न फालतू आहे, पण दोन दिवस डोक्यात किडा वळवळतोय म्हणून विचारतो.

आमच्या टीममध्ये महिन्यापूर्वी एक इंटर्न मुलगी आली. हुशार आहे, काम पटापट करते, पण नवीन म्हणून रात्रीच्या रिलीजच्या ड्यूटीत तिला अजून घ्यायचं नाही असं आमचं आपापसात ठरलेलं. सोमवारी मॅनेजरने ड्यूटी वाटताना तिचं नाव घेतलं तर मी पटकन बोलून गेलो, "अहो तिला कशाला, ती अजून कच्चं लिंबू आहे." सगळे हसले, विषय संपला. म्हणजे मला वाटलं संपला. दुपारी कॅन्टीनमध्ये डबा घेऊन समोर येऊन बसली आणि एकदम सरळ चेहऱ्याने विचारते, "सर, मी आंबट आहे म्हणजे नक्की काय?"

घ्या! मग मी आपला समजवायला बसलो, की अगं लहानपणी खेळताना कोणाचा तरी धाकटा भाऊ नाहीतर बहीण मागे लागायची, घेतलं नाही तर ती रडत घरी जाणार आणि मग आई बाहेर येऊन सगळ्यांचाच खेळ बंद करणार, म्हणून त्याला घ्यायचं पण तो आउट झाला तरी आउट नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, नुसता इकडून तिकडे पळतो आणि खूश असतो. ती दोन घास खाऊन म्हणाली, "म्हणजे मी असून नसल्यासारखी." आता याला काय उत्तर देणार, कारण खरं बघायला गेलं तर अर्थ तोच आहे ना.

ती नाशिकची, फ्लॅटमध्ये वाढलेली, खाली पार्किंगमध्ये खेळू देत नव्हते म्हणे. त्यामुळे तिला भोज्ज्या माहीत नाही, राज्य माहीत नाही, काहीच नाही. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी ऑफिसात दिवसभर हीच भाषा बोलतो. फक्त कार्ड पंच करून परत यायचं असलं की "भोज्ज्याला शिवून येतो". बग ज्याच्या गळ्यात पडला त्याला "आता राज्य तुझ्यावर". कॉल चालू असताना कुरिअरवाल्याने बेल वाजवली की "टॅम्प्लीज" (मूठ तोंडाशी नेऊन, सवयच आहे). स्वतःची चूक टेस्टिंगवाल्यांवर ढकलणारा एक महाभाग आहे तो "रडी खातो". बायको म्हणते तू चाळिशीचा आहेस की चौथीतला.

पण मला मजा येते राव. "मी आज कार्यालयात औपचारिक उपस्थिती नोंदवली" यात काय मजा आहे? भोज्ज्याला शिवून आलो म्हटलं की पळत जाऊन खांबाला हात लावून धापा टाकणारा माणूस डोळ्यापुढे येतो.

तर प्रश्न असा की ती दुखावली असेल का, आणि मी हे बंद करावं का? आणि तुमच्याकडे असले शब्द असतील तर तेही टाका, माझा साठा वाढेल.

वडापवाला:

भावा बंद बिंद काय करू नको, नाद खुळा विषय काढलायस.

खेळाचं निघालंय तर मी सांगतो, "कोलणे" हा शब्द तुझ्या ऑफिसात चालतो का नाही? आमच्याकडं पोरगीनं नकार दिला, साहेबानं रजा नाकारली, मित्रानं फोन उचलला नाही, सगळ्याला एकच, कोलला. तो सरळ विट्टीदांडूतनं आलाय. गलीवर विट्टी आडवी ठेवायची, खालनं दांडू घालायचा आणि उडवून द्यायची लांब, त्याला कोलणं म्हणतात. आता रजेचा अर्ज डोळ्यासमोर आण, साहेबानं खालनं दांडू घातलाय आणि अर्ज चाललाय उडत. इतकं नेमकं चित्र "रिजेक्ट झालं" मधी हाय का सांग.

आणि त्याच खेळातली मोजणी आठवती का, वकट, लेंड, मुंड, नाल? पुढचे आकडे गावागणिक बदलत्यात पण पहिले चार बहुतेक सगळीकडं हेच. आम्ही लहानपणी समजायचो की कोणीतरी येड्यानं काढलेले शब्द हायत. नंतर एकदा ट्रकवर हैदराबादकडचा क्लीनर होता, तो पोती मोजाय लागला ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, मी जाग्यावर थांबलो. अरे हे तर आपलं वकट लेंड मुंड नाल! म्हंजे पोरं इथं दांडूनं तेलुगूत मोजत होती आणि कुणाच्या बापाला पत्ता नाही.

माझं नाव वडापवाला का तेपण सांगतो. कोल्हापूर सांगली सातारा पट्ट्यात जी जीप माणसं कोंबून कोंबून भरती आणि भरल्याशिवाय हालत नाही ती वडाप. मराठवाड्यात, विदर्भात काळीपिवळी म्हणत्यात. पुण्यात ती सहा सीटची डिझेलची रिक्षा होती तिला डुक्कर, आता तिचा आवाज आणि तोंड बघितलं असलं तर नाव कुणी ठेवलं त्याचे पाय धरावं वाटतंय. एस्टीची निमआराम गाडी म्हंजे एशियाड, ते नाव दिल्लीत १९८२ ला एशियाड झालं त्यावरनं पडलं, आता खेळ कुणाच्या ध्यानात न्हाईत पण आमची आई अजून विचारती, एशियाडनं आलास का साध्या गाडीनं.

इंटर्नला इस्कटून सांग म्हंजे झालं. इस्कटून सांगणं हा पण आमचाच शब्द, गाठोडं सोडून सगळं जमिनीवर पसरून दाखवायचं. तू कॅन्टीनमधी गाठ मारून सांगितलंस, म्हणून तिला आंबट लागलं.

तिखटमीठ:

वडापवाला, ह.ह.पु.वा. (हसून हसून पुरेवाट)! डुक्कर रिक्षात बसून मी कॉलेजला जायचे, एका बाजूला जरा जास्त माणसं बसली की ती वळणावर तशीच तिरकी जायची!

माझ्याकडे खेळातले नाहीत, बोलण्याबद्दलचे शब्द आहेत. आमच्या घरी फोनवर जास्त वेळ बोलणाऱ्या नातेवाइकांची वर्गवारी आहे, आईच्या काळापासून. दळण म्हणजे तेच तेच, काल सांगितलेलं आज परत, जात्यात घालून फिरवायचं. (एक मावशी. स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन गेली तीन वर्षं दळते आहे.) चऱ्हाट म्हणजे दोरखंड वळतात तसं, एका गोष्टीच्या टोकाला दुसरी गोष्ट, तिच्या टोकाला तिसरी, आपण "हं, हं" करत बसायचं, टोक येत नाही. आणि गुऱ्हाळ एकट्याने होत नाही, त्याला चार माणसं लागतात, कढई चढवलेली पाहिजे, तासन् तास रटरटत ठेवायचं, पण गुऱ्हाळातून निदान गूळ तरी निघतो. दळणातून पीठ तरी. चऱ्हाटातून काही म्हणजे काही नाही. त्यामुळे मोबाईलवर नाव बघून नवरा नुसता "दळण की चऱ्हाट?" एवढंच विचारतो आणि त्यावरून गॅस बंद करायचा की चालू ठेवायचा ते मी ठरवते. दळण असेल तर फोन स्पीकरवर टाकून पोळ्या होतात, कथानक माहीतच असतं.

सोसायटीची मीटिंग म्हणजे गुऱ्हाळ हे वेगळं सांगायला नकोच.

पण खरा मान आजीचा. आमची आजी दापोलीची, अत्यंत सोवळी, देवपूजा झाल्याशिवाय चहा नाही. आणि आम्हा नातवंडांना प्रेमाने हाक काय मारायची तर "इकडे ये शिंच्या, खोबऱ्याची वडी घे." मी कॉलेजात गेल्यावर एका सरांनी सांगितलं की शिंच्या हा शिंदळीच्या या शब्दाचा आखडलेला अवतार आहे, आणि शिंदळ म्हणजे काय ते इथे लिहीत नाही, शब्दकोश बघा. मी घरी येऊन आजीला घाबरत घाबरत सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेल हो. शिंचे ते शब्दकोशवाले."

पोट्टा नागपूरचा:

ह्या धाग्यावर विदर्भाचं कोणी आलं नाही अजून? काऊन बे!

हो, तो "बे" च सांगायचा होता. पुण्यात पहिल्या नोकरीत पहिल्या आठवड्यात टीम लीड लिफ्टमध्ये भेटला, माझ्याच वयाचा होता, मी आपला मोकळेपणाने म्हणलो, "काय बे, जेवला का?" नागपुरात याच्याइतकं आपुलकीचं वाक्य नाही. म्हणजे तुझ्या पोटाची मला काळजी आहे असा अर्थ होतो त्याचा. त्याने लिफ्टच्या आकड्यांकडे बघायला सुरुवात केली ते पाचव्या मजल्यापर्यंत बघतच राहिला. चार दिवस बोलला नाही माझ्याशी. शेवटी सोलापूरचा एक जण होता टीममध्ये, त्याने मध्यस्थी केली, कारण सोलापुरात पण बे चालतो, तो म्हणाला अरे हा शिवी नाही देऊन राहिला, प्रेम करून राहिला. (हे वाक्य त्याने माझी नक्कल करत म्हणलं होतं, ते पण मला आवडलं.)

आता तो लीडच मला बे म्हणतो, आणि मूड खराब असला की "भैताड" म्हणतो. भैताडला पुणेरी पर्याय नाही हे माझं ठाम मत आहे. बावळट म्हणजे बिचारा, वेंधळा म्हणजे वस्तू विसरणारा, येडपट म्हणजे गमत्या, पण भैताड म्हणजे ज्याला आपण काय केलं ते झाल्यावर पण कळत नाही आणि वरून तो हसतो.

भोज्ज्या, तुझ्या इंटर्नला ना शब्दाचा त्रास नाही झाला. सगळे हसले आणि तिला हसता आलं नाही, त्याचा झाला. मला लिफ्टमध्ये तेच झालं होतं, फक्त उलट्या बाजूने.

गजाली:

आमच्याकडे मालवणात "आवशीचो घो" म्हटल्यावर मुंबईचे पाहुणे दचकतात. घो म्हणजे घोव, नवरा. आईचा नवरा म्हणजे आपला बाप. आता बापाचं नाव काढलं तर ती शिवी कशी काय? बाकी चालू द्या, नारळ पाडायला माणूस आलाय.

साधं_पाणी:

मी थोडं वेगळं बोलणार आहे, दिवा घ्या, म्हणजे मनाला लावून घेऊ नका.

शब्द मजेशीर असतात मान्य, मी पण वापरतो, पण काही शब्दांत मजा कोणाच्या जिवावर चाललीये ते बघावं असं मला वाटतं. दोन उदाहरणं देतो. नको तिथे नाक खुपसणाऱ्याला आपण "चांभारचौकशा कशाला" म्हणतो. वर्षानुवर्षं म्हणत आलोय, घरातली सज्जन माणसं म्हणतात. आता हा शब्द एखाद्या अशा मित्रासमोर म्हणून बघा ज्याचे आजोबा खरंच चपला शिवायचे. मी म्हटलाय. तो काही बोलला नाही, पुढे चालायला लागला. तेव्हापासून मी "नसत्या चौकशा" म्हणतो आणि माझं काही अडलेलं नाही.

दुसरं, "भामटा". आपण किती सहज म्हणतो, लबाड माणूस, चोर. पण ते एका समाजाचं नाव आहे, राजपूत भामटा आजही आपल्या राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत. विमुक्त का, तर इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्याखाली समाजच्या समाज जन्मतःच गुन्हेगार म्हणून नोंदवले, पोलिसात हजेरी वगैरे, ते ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटले. कायदा गेला, आपल्या तोंडातला शब्द तसाच राहिला. शाळेत मुलांना हजेरी घेताना आडनावावरून काय ऐकावं लागत असेल याचा विचार करा.

कच्चं लिंबू त्यातलं नाहीये हे मलाही कळतं, उगाच ताणत नाही. पण एक बघ, खेळात कच्चं लिंबू कोण ठरवायचं? थोरली पोरं. धाकट्याला कोणी विचारायचं नाही. तू सुद्धा तुझ्या मॅनेजरला कधी म्हणालास का, की अहो साहेब तुम्हाला या टेक्नॉलॉजीतलं काही येत नाही, तुम्ही कच्चं लिंबू, बसा? त्याला म्हणून दाखव, मग मी म्हणेन नुसती गंमत होती.

खोगीरभरती:

साधं_पाणी, दिवा घेतला :) भामट्याचं खरंच कधी डोक्यात आलं नव्हतं, सोडतो.

पण याच्यावर उपाय आहे माझ्याकडे. नवे शब्द कशाला शोधता, आठवीच्या व्याकरणात आलंकारिक शब्द म्हणून जी यादी पाठ केली ती कोणी वापरतच नाही, पडून आहे सगळी. मी गेल्या वर्षापासून वापरायला घेतलीये. बावीस जणांना मीटिंगचं आमंत्रण आलं आणि बोलणारे तीनच असले की बाकी खोगीरभरती, म्हणजे घोड्याच्या खोगिरात ज्या चिंध्या ठासतात त्या आपण. (यात मी स्वतःला पण धरतो, आयडी बघा.) दहाला उठणारा रूममेट सूर्यवंशी. त्याला सुरुवातीला कौतुक वाटलं, आईला फोन करून सांगितलं पण होतं. महिनाअखेरीला सगळ्यांचाच थंडा फराळ, म्हणजे उपास. जिममध्ये दंड दाखवणारा आणि झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारा एक जण आहे तो शेंदाड शिपाई. शेंदाड हे काकडीच्या जातीचं फळ असतं, गावाकडे खाल्लंय, पिकलं की हातात घेताच फुटतं, त्यामुळे हा शब्द किती चपखल आहे ते ज्याने खाल्लं त्यालाच कळेल.

आणि पुणेकर असून "कात्रजचा घाट दाखवला" हे कोणी लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटतं. लाल महालात शायिस्तेखानावर छापा पडला १६६३ च्या एप्रिलमध्ये, आणि मग बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजकडे हाकलले, खानाची फौज उजेडामागे धावली आणि महाराज सिंहगडाकडे निघून गेले, अशी गोष्ट आपण ऐकत आलोय. आज मला ब्रोकरने फोनवर एक फ्लॅट दाखवतो म्हणून कात्रजच्याही पलीकडे नेलं आणि दुसराच दाखवला, तेव्हा मी त्याला म्हटलं, तुम्ही मला कात्रजचा घाट दाखवलात. तर म्हणतो, "हो ना साहेब, बाल्कनीतून दिसतो."

तिखटमीठ:

खोगीरभरती, ब्रोकरच्या वाक्यावर मी हसून ठसका लागून पाणी प्यायले.

साधं_पाणी यांचं पटलं मला. आईची एक सवय आठवली, ती भांडकुदळ बायकांना कैदाशीण, अवदसा, महामाया असं काय काय म्हणायची, आणि भांडकुदळ पुरुषाला? नुसतं "तापट स्वभाव आहे हो त्यांचा". तेव्हा हसायचो. असो, दळण नको.

भोज्ज्या:

एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. सगळ्यांना धन्यवाद, साठा भरपूर वाढला. आता पुढचं ऐका.

साधं_पाणी, तुमचं वाचल्यावर रात्री नीट झोप लागली नाही, खोटं कशाला बोलू. मॅनेजरला म्हणायची हिंमत अर्थातच झाली नाही. पण काल मी इंटर्नशी परत बोललो, या वेळी वडापवाल्याच्या पद्धतीने इस्कटून, म्हणजे कॅन्टीनच्या टेबलावर मिठाची डबी भोज्ज्या, चमचे म्हणजे पोरं, असं मांडून पूर्ण डबा ऐसपैस समजावला. ती म्हणाली, मला खेळ कळला सर, पण मग मला राज्य कधी मिळणार? मी म्हटलं अगं राज्य मिळत नाही, येतं, ते नको असतं कोणाला. तर म्हणते, मला हवंय. शुक्रवारचं रिलीज मी करते.

आमच्या टीममध्ये विजयवाड्याचा एक जण आहे, शेजारच्या टेबलावर तो हे सगळं ऐकत होता. मी मुद्दाम त्याच्यासमोर वकट, लेंड, मुंड, नाल म्हणून बघितलं. त्याने जेवण थांबवलं, म्हणाला, आमचे आकडे इतके वाईट कोणी उच्चारले नव्हते आजपर्यंत, कुठे शिकलास? विट्टीदांडू सांगितल्यावर तो उठून उभाच राहिला, त्यांच्याकडे पण खेळतात, आणि मग अर्धा तास तो आणि मी पेन आणि खोडरबर घेऊन कोण लांब कोलतो ते बघत होतो आणि ती हसत होती. म्हणजे या वेळी हसणारी ती होती, नागपूरकर, हे खास तुझ्यासाठी.

आज सकाळी ड्यूटीचा तक्ता टीमच्या ग्रुपवर आला, या वेळी तिने बनवलेला. पहिल्या रांगेत वकट, तिचं नाव. लेंड, विजयवाडा. मुंड, तो रडी खाणारा. नालसमोर रिकामं. खाली वेगळ्या रंगात माझं नाव, कारण शुक्रवारी माझी रूट कॅनालची अपॉइंटमेंट आहे हे मीच तिला सांगितलं होतं, आणि त्याच्यापुढे तिने लिंबाचं चित्र टाकलंय. हिरवं.